गुरुवारचं माप

टेलरमास्तरांकडे लोकांचं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते शाळेच्या व्हरांड्यात. नव्या वर्षाचे गणवेश शिवायचे होते आणि पाचवीचा वर्ग भिंतीला लागून रांगेत उभा होता. एक भलेमोठे गृहस्थ खुर्चीत बसले होते, म्हणजे खुर्ची असावी असा अंदाज करायचा, कारण ती दिसत नव्हती. गळ्यात टेप होती, पण तिला ते हातही लावत नव्हते. मूल समोर आलं की एकदा वरून खाली बघायचे आणि सांगायचे, "छाती सव्वीस, कंबर चोवीस. टाचा टेकव रे, उंच व्हायची एवढी घाई नको." शेजारच्या स्टुलावर त्यांची बायको बसली होती. ती वहीत आकडा लिहायची आणि पुढच्याला हाक मारायची.

चित्रकलेच्या सरांना हे काही पटेना. त्यांनी तीन मुलं बाजूला घेतली आणि स्वतःच्या टेपने मोजली. दोघांची मापं तंतोतंत निघाली. तिसऱ्याच्या कमरेत एक इंच जास्त भरला. सरांचा चेहरा उजळला. मास्तरांनी त्या मुलाकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाले, "खिशातला चेंडू काढ, आणि मग मोजा." चेंडू निघाला. बायकोने मान वर न करता वहीत चोवीस लिहिलं. तिने ते आधीच लिहिलं असणार, नुसती पेन्सिल फिरवली असणार.

या नजरेचं पुढे पुष्कळ कौतुक झालं. पण त्या नजरेतून एक माप निसटलं, आणि ते शेजारच्या स्टुलावरच बसलेलं होतं. मास्तरांची गोष्ट सांगायची तर ती या एका मापाचीच आहे.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक लांबट खोली. पुढे काच, काचेत बिनडोक्याचा एक पुरुषी पुतळा, मध्ये कापड बेतायचं टेबल, त्यामागे पायाने चालवायचं मशीन, आणि कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे घालून बघायची जागा. वर दोन खोल्यांचं घर. शर्ट, पँट, कोट हे मास्तर शिवत, आणि बायकांचे कपडेही शिवत. बायकांच्या मापाचा पुतळा मात्र त्यांनी कधी घेतला नाही. गरजच पडली नाही. त्यांची बायको नेमकी मधल्या मापाची होती, कंबर चौतीस. कच्चे टाके घातलेला कोट हातात घेऊन ते म्हणायचे, "अगं, थांब जरा दोन मिनिटं," की ती हातातलं काम खाली ठेवून दोन्ही हात थोडे वर करून उभी राहायची. गिऱ्हाइकाचं मापही तिच्यावरूनच सांगितलं जाई. काकूंपेक्षा दोन बोटं जास्त, काकूंपेक्षा एक बोट कमी.

सगळे तिला काजकाकू म्हणत. दुकानातल्या प्रत्येक कपड्याची काजं तिच्या हातची. मशीनवर काजं करून मिळतात हे तिला माहीत होतं. "मिळतात की, उसवतातही," एवढंच ती म्हणायची.

दुपारी एक वाजता टेबलावरचं कापड गुंडाळून बाजूला व्हायचं, वर्तमानपत्र पसरलं जायचं आणि दोघं समोरासमोर जेवायला बसायची. एकच मोठा डबा. मास्तर घास घेत, मग ती घेई. त्यांचा हात थांबेपर्यंत तिचा थांबत नसे आणि त्यांचा थांबला की ती झाकण लावी. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून हे असंच. मास्तरांचा हात थांबायला बराच वेळ लागे, त्यामुळे तिचंही पोट व्यवस्थित भरत असे.

मास्तरांना साखर निघून चौदा वर्षं झाली होती. सुरुवातीला एक गोळी, मग दोन. चहातली साखर गेली, आणि तिच्याऐवजी पांढऱ्या बटणांच्या डब्यात बिस्किटं आली. काजकाकूला ती पहिल्याच दिवशी सापडली होती. ती काही बोलली नाही. रोज दोन बिस्किटं ठेवायची आणि बाकीची उचलायची. मास्तरांना वाटे, आपण मोजून खातो.

मग ते टाचणीचं प्रकरण झालं.

एका संध्याकाळी काकू केर काढत होती. फरशीवर तिला तपकिरी ठिपके दिसले, मशीनपासून इस्त्रीच्या टेबलापर्यंत आणि परत मशीनपर्यंत. ठिपके ज्या पायाशी संपत होते तो पाय मास्तरांचा होता. तिने खाली बसून त्यांची कापडी चप्पल ओढली. चपलेच्या तळातून वर आलेली टाचणी टाचेत डोक्यापर्यंत घुसली होती.

"दुखलं नाही?"

"काय दुखायचं?" मास्तर म्हणाले आणि वाकून बघू लागले. पोट मध्ये येत होतं, म्हणून त्यांना आधी काही दिसलंच नाही. दिसलं तेव्हा त्यांनी बोट लावून पाहिलं. रक्त सुकलं होतं. टाचणी सकाळपासून आत असावी.

डॉक्टरबाईंनी जखम धुतली, पट्टी बांधली, आणि मग नायलॉनचा एक जाडसर धागा काढला. "डोळे मिटा. धागा पायाला टेकला की सांगा."

"हा कितव्या नंबरचा?" मास्तरांनी विचारलं.

"तुमच्या दुकानातला नाही. डोळे मिटा."

मास्तर डोळे मिटून वाट बघत बसले. दोनदा म्हणाले, "टेकला." बाईंनी धागा नऊ वेळा टेकवला होता. हे मास्तरांना कळलं नाही. काकू समोर उभी राहून मोजत होती.

"मास्तर, गोळ्यांनी जेवढं होत होतं तेवढं झालं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "डोळ्यांच्या पडद्यावर ठिपके आहेत, पायाची जाणीव चालली आहे. आता हे दोन्ही राखायचं. आठवड्यातून एकदा घ्यायचं एक इंजेक्शन आहे. त्याने भूक कमी होईल, वजन उतरेल, साखर हाताशी येईल. पहिले काही आठवडे मळमळेल, ते सोसायचं. मात्रा हळूहळू वाढवू."

"सुई?"

"एवढीशी. तुमच्या सुईपेक्षा बारीक आहे."

"बाई, माझी सुई मी कापडाला टोचतो."

"मग तुमच्या घरात अजून कोणाच्या हाताला सुईची सवय आहे?" बाईंनी विचारलं आणि काकूकडे पाहिलं. काकूने पर्समधून चष्मा काढला, लावला आणि म्हणाली, "दाखवा."

गुरुवारी दुकान बंद असे, म्हणून वार गुरुवार ठरला. सकाळी आठ वाजता दोघं पडद्यामागच्या जागेत गेली, कारण उजेड तिथे चांगला होता. मास्तर स्टुलावर बसले, सदरा वर धरला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. काकूने टेप काढली. बेंबीपासून दोन इंच सोडायचे असं बाईंनी सांगितलं होतं, तर तिने दोन इंच मोजले आणि खडूने बारीक फुली केली.

"बेततेस का मला?"

"गप्प बसा. कापड हललं की खूण सरकते."

फुलीच्या बाजूची जागा पुसली. मास्तरांनी श्वास रोखला. थोड्या वेळाने म्हणाले, "टोच आता एकदाची."

"झालं की. दहा आकडे मोजायचे होते, तेही मोजून झाले."

मास्तरांनी वळून पाहिलं. पोटावर काही नव्हतं, नुसती खडूची फुली. त्यांना थोडं फसल्यासारखं वाटलं. काकूने सुई काढून जाड बाटलीत टाकली, इंजेक्शनचं पेन वर नेऊन फ्रिजच्या दारात ठेवलं आणि मापांच्या वहीचं शेवटचं पान उघडलं. वर लिहिलं, "हे." इतकी वर्षं ती त्यांना हाकही मारत आली ती "अहो" म्हणून, वहीत तरी नाव कसं लिहिणार. खाली रकाने पाडले. तारीख, बाजू, मात्रा, कंबर. पहिली ओळ अशी होती: डावी, पहिली, चव्वेचाळीस.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. गरम इस्त्रीखाली लोकरीच्या कापडाला वास येतो. जन्मभर ओळखीचा तो वास आला की मास्तर दाराशी जाऊन उभे राहत. आंबट ढेकरा येत. रात्रीचा भात तसाच राही. काकू म्हणे, "सोसा. बाईंनी सांगितलंय." तिसऱ्या आठवड्यात मळमळ निवली आणि तिच्या जागी काहीतरी वेगळंच आलं. एक वाजता डबा उघडला, मास्तरांनी चार घास घेतले आणि हात थांबला. कोणी थांबवला नव्हता. तो आपोआप थांबला आणि ते त्याच्याकडे बघत बसले, जसं काही तो दुसऱ्याचा हात आहे.

काकूनेही हात धुतला आणि झाकण लावलं.

"तू तरी जेव."

"मलाही पुरे झालं."

"दोन घासांत?"

"एकटीला जात नाही हो," ती म्हणाली. आणि ते खरंच होतं, त्यामुळे मास्तरांना त्यात काही शोधावंसं वाटलं नाही.

महिन्याभरात मोठा डबा वरच्या फळीवर गेला आणि छोटा आला. बटणांच्या डब्यातली बिस्किटं मऊ पडली. मास्तरांनी ती स्वतःच टाकून दिली आणि हे बायकोला सांगितलंही, तेव्हा ती म्हणाली, "कसली बिस्किटं?"

दर गुरुवारी वहीत एक ओळ वाढत गेली. उजवी, साडेत्रेचाळीस. डावी, त्रेचाळीस. मात्रा वाढली. उजवी, सव्वाबेचाळीस. माप काकू घेई, कारण स्वतःच्या कमरेचं माप कोणी प्रामाणिकपणे घेत नाही असं मास्तरांचंच मत होतं. टेप ओढायचा मोह होतो. जुन्या गोळ्यांपैकी एक बाईंनी अर्धी केली. मास्तर जिना न थांबता चढू लागले. आपल्या पँटी त्यांनी स्वतः आत घेतल्या, मग पुन्हा आत घेतल्या, आणि एक दिवस सगळ्या उसवून नव्याने बेतल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, "मास्तर, ओळखू येत नाही तुम्ही." ते म्हणायचे, "अर्धा मी राहिलोय, उरलेला बिलात लावा." काम करताना ते शीळ घालू लागले. रोज रात्री काकू आरसा घेऊन त्यांचे दोन्ही तळवे बघे आणि एखादी चीर दिसली तर मलम लावी. त्या घरात जे काही नजरेखालून जात होतं ते मास्तरांचं शरीर होतं. इंच-इंच मोजलं जात होतं, आणि दोघांनाही त्याचा आनंद होता.

मास्तरांना काय दिसलं नाही हे आता सांगणं सोपं आहे. काजं करताना काकू मधूनच थांबायची आणि बोटांची पेरं बरगडीखाली दाबून धरायची. दुपारी जेवणाऐवजी गरम पाण्याचा पेला घेऊन बसायची. सुई ढकलायला बोटात घालायचं तिचं पितळी अंगुस्तान सैल झालं होतं, म्हणून तिने आत दोरा गुंडाळला होता. हे तर मास्तरांनी पाहिलंही होतं. म्हणाले, "झिजलं ते, नवीन घे." पितळ असं आतून झिजत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार होतं? पण ते बोट बघत नव्हते, अंगुस्तान बघत होते.

तिला नवीन झगा हवा म्हणून त्यांनी हौसेने कापड आणलं. तिच्यासाठी शिवताना ते कधी माप घेत नसत. तिचा एखादा जुना झगा पसरून त्यावरून बेतत. तिने जुना झगा काढून दिला. शिवून झाल्यावर तिने तो वर नेला आणि दुसऱ्या दिवशी घालून खाली आली. अंगाला व्यवस्थित बसला होता. मास्तरांनी लांबूनच पाहिलं आणि आपल्या कामावर खूश झाले.

मुलगी परगावाहून चार दिवस आली होती. दारातूनच म्हणाली, "आई, तू केवढी बारीक झालीस गं. बाबांचं इंजेक्शन चोरून स्वतःलाच टोचून घेतेस की काय?"

"पुरवून पुरवून घेते," काकू म्हणाली. "ह्यांचं पथ्य ते माझं पथ्य."

तिघंही हसली. सगळ्यात मोठ्याने मास्तर हसले.

सहावा महिना चालू होता. रक्ताची मोठी तपासणी पुढच्या आठवड्यात होती. त्या दिवशी एका बँकेतल्या मॅडमचा कोट कच्च्या टाक्यांवर तयार होता, कंबर चौतीस. मास्तर कोट घेऊन उठले.

"अगं, थांब जरा दोन मिनिटं."

"आज नको. पाय भरून आलेत."

"दोन मिनिटं गं. त्या पाच वाजता येतायत."

काकूने सुई कापडात खोचली, उभी राहिली आणि हात थोडे वर केले. मास्तरांनी कोट चढवला, पुढची बाजू जुळवली आणि टाचण्या लावायला दोन्ही बाजूंनी कापड चिमटीत धरलं. कापड चिमटीत मावलं नाही. ते मुठीत आलं. मास्तरांना वाटलं, बेतण्यात चूक झाली. त्यांनी कोट काढला, टेबलावर पसरून मोजला. चौतीस होता. पुन्हा चढवला. पुन्हा दोन्ही मुठी भरल्या.

त्यांनी गळ्यातली टेप काढली. इतक्या वर्षांत ती त्यांनी बायकोच्या कमरेभोवती कधी धरली नव्हती. टेप फिरवून पुढे आणली, आकडा पाहिला, आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. अठ्ठावीस.

"टेप जुनी झाली आहे," काकू म्हणाली. "ताणली गेली असेल. ताणलेल्या टेपने माप कमी भरतं."

ती बोलली ते बरोबर होतं. कापडी टेप ताणली की तिच्यावरचे इंच लांब होतात आणि माणूस बारीक भरतो. धंद्यातल्या माणसालाच हे माहीत असतं, आणि धंद्यातल्या माणसालाच ते वेळेवर आठवतं. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते टेबलाशी गेले, कडेला ठोकलेल्या लोखंडी पट्टीवर टेप लावली आणि शून्यापासून साठपर्यंत एकेक इंच ताडून पाहिला. ती उभीच होती, हात अजून थोडे वर.

"टेप बरोबर आहे," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली.

"केव्हापासून?"

"बसा आधी. तुमचा चेहरा पांढरा पडलाय. सकाळची गोळी घेऊन काही खाल्लं नाहीत तुम्ही."

त्या आठवड्यात डॉक्टरबाईंच्या टेबलावर दोन रिपोर्ट होते. मास्तरांची तीन महिन्यांची साखर साडेनऊच्या वरून साडेसहावर आली होती. चौदा वर्षांत असा आकडा आला नव्हता. काकूच्या पोटात गाठ होती, ती यकृतापर्यंत गेली होती आणि तिथून तिला मागे आणता येण्यासारखं नव्हतं. डॉक्टरबाईंनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, पण ती देताना त्यांनी "बरं होईल" असं म्हटलं नाही.

काकू बाहेर बाकावर बसली होती तेव्हा मास्तर एकटे आत गेले.

"मी जेवत नव्हतो म्हणून ती जेवत नव्हती."

"नाही मास्तर. हा आजार आधीच होता. न जेवल्याने तो होत नाही."

"पण दिसला तर असता."

डॉक्टरबाई खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी टेबलावरचे दोन्ही रिपोर्ट एकावर एक ठेवले. मग म्हणाल्या, "मीही तिला दर महिन्याला बघत होते. माझी खुर्ची तुमच्याकडे तोंड करून होती."

घरी येताना काकूने सगळं सरळ सांगितलं, रस्त्याने चालता चालता, जसं एखाद्या गिऱ्हाइकाबद्दल सांगावं तसं. चार महिने दुखत होतं. आधी तिला वाटलं, कमी खातोय म्हणून पोट आवळलं. मग वाटलं तसं नाही. "पण तुमचं लागू पडत होतं. तुम्ही मळमळ सोसलीत, बिस्किटं सोडलीत. मध्येच मी माझं काढलं असतं तर तुम्ही इंजेक्शन सोडून माझ्यामागे धावला असता. तुमचा रिपोर्ट येऊ दे, मग सांगू म्हटलं."

"आणि झगा?"

"तुम्ही चौतीसचा शिवलात, मी रात्रीत आत घेतला. तुमची टीप मोडली नाही. तिच्या आतून माझी घातली."

मास्तर रस्त्यात थांबले. ती दोन पावलं पुढे गेली, मग परत आली आणि त्यांच्या कोपराला हात लावून म्हणाली, "चला. उभ्याने तुमचे पाय सुजतात."

मोठ्या दवाखान्यातही तेच सांगितलं, आणि पुढचे अकरा आठवडे काकूचा पलंग खाली दुकानातच होता. जिना तिला चढवत नव्हता आणि मशीनचा आवाज ऐकल्याशिवाय तिला झोप लागत नव्हती. मुलगी येऊन राहिली होती. पहिल्या गुरुवारी काकूने पेन मागितलं, नेहमीसारखं दोन इंच मोजलं, फुली केली आणि मग पेन मास्तरांच्या हातात दिलं.

"मी नाही."

"मग कोण? पुतळा?"

"मुलगी देईल."

"मुलगी तिच्या घरी जाईल. धरा. कोटाला बटण लावता तसंच, सरळ. तिरकं नाही." मास्तरांनी पेन तिरकंच धरलं. तिने उशाखालून टाचण्या खोचायची आपली मखमली गादी काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. नुसती सुई घेऊन वीस वेळा त्यांना त्या गादीवर सराव करायला लावला, आणि प्रत्येक वेळी म्हणाली, "डोळे उघडे." मग सुई बदलली. एकविसाव्या वेळी तिने आपली बोटं त्यांच्या मनगटाभोवती धरली. ती बोटं इतकी हलकी झाली होती की मास्तरांना त्यांचा दाब लागला नाही, फक्त ऊब लागली.

"एक," ती म्हणाली. "दोन. तुम्ही मोजा पुढे."

मास्तरांनी दहापर्यंत मोजलं. नंतर वहीतली ओळही त्यांनाच लिहायला लागली.

दर गुरुवारी ती पलंगावरून बघत असे. चौथ्या गुरुवारी तिने हात धरला नाही. सातव्या गुरुवारी तिने नुसतं "डोळे," एवढंच म्हटलं. अकराव्या गुरुवारी मास्तरांनी इंजेक्शन घेतलं, दहा आकडे मोजले, वळून पाहिलं, तर तिला गाढ झोप लागली होती. शनिवारी दुपारी ती गेली. मशीन चालू होतं. बंद करू नका असं तिनेच सांगून ठेवलं होतं.

त्यानंतर मास्तरांनी इंजेक्शन सोडलं. ठरवून सोडलं असं नाही. पहिला गुरुवार माणसांत गेला, दुसऱ्या गुरुवारी त्यांनी फ्रिज उघडून बंद केला, आणि मग वार मोजणंच थांबलं. चौथ्या की पाचव्या आठवड्यात भूक परत आली. चोरपावलांनी नाही, चांगली दार ठोठावत आली. दुपारी एक वाजता पोटात खड्डा पडायचा आणि मास्तरांना त्याची लाज वाटायची. कोणासमोर? दुकानात कोणीच नसायचं. ते पाव आणून उभ्याउभ्याच खायचे, पोटभर खायचे, आणि हात कुठे थांबवायचा ते त्यांना कळायचं नाही. समोर झाकण लावणारं कोणी नव्हतं.

मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, इंजेक्शन घेताय ना?"

"घेतोय की."

"पाय बघता?"

"बघतो."

दोन महिन्यांनी ती आली. फ्रिजच्या दारात तीच पेनं होती, तितकीच. ती काही बोलली नाही. या बाबतीत ती आईवर गेली होती. आईचे कपडे आवरायचे राहिले होते ते तिने खाली आणून कापड बेतायच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "कोणते द्यायचे, कोणते ठेवायचे, ते तुम्ही सांगा."

मास्तरांनी वरचा झगा उचलला. त्यांनीच हौसेने शिवलेला, शेवटचा. जुन्या सवयीने त्यांनी तो उलटा केला आणि शिवण उजेडात धरली. कडेला त्यांची मशीनची टीप होती, सरळ, जशीच्या तशी. तिच्या आत अर्ध्या इंचावर हातशिलाईची एक ओळ. तिच्या आत अर्ध्या इंचावर दुसरी. तिच्या आत तिसरी. दोन्ही बाजूंना तसंच. टाके इतके सारखे होते की पट्टी लावून घातल्यासारखे, आणि तिसऱ्या ओळीत शेवटी शेवटी थोडे मोठे आणि वाकडे झाले होते.

मास्तरांनी बोटाने एकेक ओळ मोजली. एका ओळीला दोन इंच. बत्तीस, तीस, अठ्ठावीस. तिने आपलं माप लिहून ठेवलं होतं. वहीत लिहिलं नव्हतं, एवढंच. ते त्यांच्या हातून महिनोन्‌महिने येत-जात होतं, कारण हाच झगा इस्त्रीला टेबलावर पडलेला असे आणि ते तो बाजूला सारून बसत.

त्यांनी झगा सुलटा करून घडी घातली. मुलीने खुर्ची पुढे केली. बसले नाहीत. मग म्हणाले, "वहीचं शेवटचं पान काढ."

तिने काढलं. शेवटची ओळ त्यांच्याच अक्षरात होती. डावी, सदतीस.

"टेप घे आणि माझं माप घे. ओढू नकोस."

तिने माप घेतलं. एकेचाळीस. मास्तरांनी मान हलवली आणि आकडा स्वतः लिहिला.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. एवढे आठवडे चुकले म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेपासून सुरुवात, असं त्यांनी सांगितलं, आणि पुन्हा मळमळेल हेही सांगितलं. नायलॉनचा धागा काढून त्यांनी पाय पुन्हा तपासले. मास्तरांनी डोळे मिटले आणि तीनदा म्हटलं, "टेकला." खरं तर एकदाच खात्री होती. हे त्यांनी दारातून परत येऊन बाईंना सांगितलं.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. मास्तर आता बायकांचे कपडे शिवत नाहीत. बाकीच्या सगळ्यांचं माप टेपने घेतात, दोनदा घेतात, आणि गिऱ्हाईक घाईत असलं तरी त्याला उभं राहावं लागतं. दुपारी एक वाजता टेबलावर वर्तमानपत्र पसरतात आणि छोटा डबा संपेपर्यंत बसतात. रात्री आरसा घेऊन स्वतःचे तळवे स्वतः बघतात. गुरुवारी सकाळी आठ वाजता पडद्यामागे जातात, दोन इंच मोजतात, खडूने फुली करतात आणि डोळे उघडे ठेवतात. कंबर सध्या अडतीस आहे.